ज्याचा शर्ट त्याला

खळकाकांना खळकाका म्हणायला कोणी सुरुवात केली हे निवाऱ्यात कुणालाच आठवत नाही, पण नाव चुकलं असं म्हणणारा अजून भेटायचा आहे. ते शर्टांना खळ घालत, हे एक कारण. दुसरं कारण त्यांच्याकडे नुसतं बघितलं तरी कळे. मान ताठ, पाठ ताठ, मिशी ताठ, आणि बोलणं असं इस्त्रीतलं की त्याची घडी मोडायला कुणी धजावत नसे. बेघरांच्या निवाऱ्यात मळक्या कपड्यांचे ढीग उपसणारा माणूस न्यायाधीशाच्या तोऱ्यात वावरतो, हे नव्याने आलेल्यांना गमतीचं वाटे. आठवड्याभरात तेही त्यांना बघून खांदे सरळ करू लागत.

निवारा चर्चच्या पाठीमागे होता. जेवणाची लांबट खोली, निजायचा हॉल, न्हाणीघरं, मधे फरसबंद अंगण आणि अंगणाच्या टोकाला धुलाईघर. थोरले पाळक आणि त्यांच्या पाळकीणबाई यांनी तो सुरू केला तेव्हा दोघांनी एकेक नियम घालून दिला होता. पाळकांचा नियम असा, की इथे येईल तो पाहुणा, आणि पाहुण्याने कामाला हात लावायचा नाही. प्रभू शिष्यांचे पाय धुतोय असं एक मोठं चित्र त्यांनी धुलाईघराच्या भिंतीवर लावून घेतलं, म्हणजे वेगळं समजावून सांगायला नको. त्या चित्रात एका शिष्याने संकोचून पाय मागे घेतला आहे. खळकाकांना तो शिष्य मुळीच आवडत नसे. "धुवून मिळतायत तर गप धुवून घ्यावेत," असं ते ओला कपडा झटकता झटकता त्याला ऐकवत.

पाळकीणबाईंचा नियम धुलाईघरापुरता होता. ज्याचा शर्ट त्याला. इतर ठिकाणी मळके कपडे काढून घेत आणि धुतलेल्या ढिगातलं जे अंगाला येईल ते हातावर ठेवत. पाळकीणबाईंना ते पटायचं नाही. माणसाचं घर गेलं, अंथरूण गेलं, आता अंगातला शर्टही दुसऱ्याचा कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून इथे प्रत्येक पाहुण्याचा एक रंग ठरे, आणि त्या रंगाच्या दोऱ्याचे दोन टाके त्याच्या कॉलरच्या आत घातले जात. कपडे कितीही एकत्र झाले तरी संध्याकाळी ज्याचे त्याला बरोबर मिळत.

खळकाका स्वतः या निवाऱ्यात पाहुणे म्हणूनच आले होते. एका मोठ्या हॉटेलच्या धुलाई विभागात त्यांची उमर गेली, ते हॉटेल बंद पडलं, मग बाटली सुरू झाली, मग बायको माहेरी गेली ती गेलीच, आणि मग भाड्याची खोली. पहिल्या दिवशी त्यांनी अंगातला शर्ट काढून दिला तो परत मिळेल या आशेने नव्हे. दुसऱ्या दिवशी पाळकीणबाईंनी तोच शर्ट इस्त्री करून पुढे केला. कॉलरच्या आत हिरवे टाके होते. "हा तुमचा. तुमचा रंग हिरवा," त्या म्हणाल्या. एवढंच. खळकाका न्हाणीघरात गेले आणि तोंडावर टॉवेल धरून पोटभर रडले. पुढे बाईंची तब्येत ढासळली तेव्हा धुलाईघर आपोआप त्यांच्या हातात आलं, आणि बाटली कधी सुटली ते त्यांच्याही ध्यानात राहिलं नाही. पगारी माणूस झाल्यावर आपले कपडे ते आपल्या खोलीवर स्वतःच धूत. त्यांना दोऱ्याची गरज उरली नव्हती.

आता थोरले पाळक नव्हते, पाळकीणबाईही नव्हत्या. नवे पाळक तरुण होते, चष्मा नाकावरून सारखा वर ढकलणारे, स्वभावाने गरीब. त्यांच्या वाट्याला सगळी ओढाताण आली. ज्या व्यापारी घराण्याच्या देणगीवर निम्मा निवारा चाले त्या घराण्याचा धंदाच बसला. मंडळीतली तरुण पोरं कामाधंद्याला दुसऱ्या शहरांत गेली, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचे हात देते होते पण खिसे हलके. आधी निजायचा हॉल बंद झाला आणि तिथली माणसं निजायला नदीपलीकडच्या सरकारी निवाऱ्यात जाऊ लागली. मग संध्याकाळचं जेवण बंद झालं. दुपारचं तेवढं काहीही करून चालू ठेवायचं असं पाळकांनी मनाशी धरलं होतं. अशात धुलाईची दोन यंत्रं होती त्यातलं एक घरघरून कायमचं थांबलं, आणि दुसरं इतकी वीज खाऊ लागलं की स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, हे यंत्र माझा रस्सा पितंय.

एका सकाळी पाळक धुलाईघरात आले आणि इस्त्रीच्या टेबलाशी घुटमळू लागले.

"बोला," खळकाका म्हणाले. "उभ्याने बोलायचं म्हणजे वाईटच असणार."

"काका, कमिटीत ठरलंय. पुढच्या आठवड्यापासून पाहुण्यांनी आपापले कपडे आपण धुवायचे. अंगणात टबं ठेवू, साबण आपण देऊ. यंत्र फक्त पांघरुणांसाठी, तेही कधीमधी."

खळकाकांनी इस्त्री उभी ठेवली. "पाहुण्यांनी?"

"हो."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही कुठेही जायचं नाही. तुम्ही दाराशी बसा. येईल त्याला या-बसा म्हणा. तुमच्याइतकं या घराला कोण ओळखतं?"

"म्हणजे पायपुसणं," खळकाका म्हणाले. "तेही दाराशीच असतं."

पाळकांना हसावं की नाही ते कळेना. ते चष्मा वर ढकलून म्हणाले, "दुपारचं जेवण वाचवायचं तर दुसरा मार्ग दिसत नाही हो. मी रात्ररात्र हाच विचार करतोय." त्यांचा आवाज खरा होता, आणि तो खरा होता म्हणूनच खळकाकांना त्यांच्यावर नीट रागावताही येईना. पाळक गेल्यावर त्यांनी चित्राकडे पाहिलं. ज्याच्यासाठी आपण एवढी वर्षं हाडं झिजवली ते सगळं पाण्यात गेलं असं त्यांना वाटलं, आणि वाईट वाटण्यापेक्षा अपमान जास्त वाटला. आपल्यावाचून चार दिवस चालवून बघा म्हणावं, असं ते मनात म्हणाले.

नेमक्या त्याच आठवड्यात लिफ्टमनची नात येणार होती.

लिफ्टमन म्हणजे निवाऱ्यातला सगळ्यात जुना पाहुणा. एका उंच कचेरीच्या इमारतीत त्याने जन्मभर लिफ्ट चालवली. मग बटणं आली आणि माणूस गेला. कसं काय चाललंय विचारलं की तो मजल्यात उत्तर देई. "आज तळमजला," म्हणजे बेताचं. "दुसरा मजला," म्हणजे बरं. त्याच्या नोकरीतला एक पांढराशुभ्र शर्ट अजून शिल्लक होता. तो धुलाईघरात खुंटीवर, वेगळ्या हँगरवर असे, कॉलरीत निळे टाके. लेक दुसऱ्या गावी दिलेली, तिच्या सासरी बापाचा विषय निघाला की वातावरण तंग होई, त्यामुळे ती कधीतरी एकटी येऊन बागेत बापाला भेटून जाई. तेव्हा तो हा शर्ट घाली. या खेपेला मात्र तिने निरोप धाडला होता, की रविवारी छोटीला घेऊन येते. नातीने आजोबांना जन्मात पाहिलेलं नव्हतं.

"काका, पोरीला आयुष्यभर लक्षात राहणार बघा, पहिल्यांदा आजोबा कसे दिसले ते," लिफ्टमनने येऊन सांगितलं.

"कसं वाटतंय?"

"गच्ची," लिफ्टमन म्हणाला आणि तोंडभर हसला.

शुक्रवारी अंगणात टबं मांडली. खळकाका दाराशी स्टूल टाकून, हाताची घडी घालून बसले. या-बसा म्हणायचं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, नुसती मान हलवली. अंगणात मात्र जत्रा भरल्यासारखी झाली. कुणी साबण इतका घातला की फेस गुडघ्यापर्यंत आला, कुठे पँट पिळताना दोघांनी दोन टोकं धरून रस्सीखेच केली. सगळ्यांत उत्साह पिशवीबाईंना. या बाई सदा पाच पिशव्या सांभाळत हिंडायच्या आणि पिशव्यांना कुणाचा हात लागू द्यायच्या नाहीत. आज त्यांनी पिशव्या चक्क भिंतीशी ठेवल्या, बाह्या सारल्या आणि सगळ्यांत मोठ्या टबाचा ताबा घेतला. आठवड्यापूर्वी कुणीतरी नव्या कोऱ्या लाल चादरी दान दिल्या होत्या. त्यातली एक बाईंच्या हातात होती.

"खळकाका," त्यांनी दाराकडे तोंड करून विचारलं, "लाल आणि बाकीचं सगळं एकाच टबात घालू ना? गरम पाणी थोडंच आहे."

नवी लाल चादर, गरम पाणी आणि बाकीचं सगळं. हॉटेलात पहिल्या दिवशी लागलेला उमेदवारसुद्धा असलं करणार नाही. खळकाकांना पुढचं सगळं डोळ्यांपुढे दिसलं. चार पायमोजे गुलाबी होतील, दोन बनियन होतील, आरडाओरडा होईल, आणि पाळक चष्मा वर ढकलत आपल्या स्टुलाशी येतील.

"तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले.

बाईंनी बघितलं. भराभर कपडे टबात पडले आणि बाईंनी साडी खोचून, आत उतरून ते पायांनी तुडवायला घेतले. बाकीच्यांनी टाळ्या धरल्या. खळकाका दुसरीकडे तोंड करून बसले होते. जरा वेळाने अंगणातला गलका एकदम खाली बसला, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं.

लिफ्टमन टबापाशी उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत त्याचा शर्ट होता. तो आता गुलाबी होता. लहान मुलींच्या वाढदिवसाच्या केकवर असतो तसला गुलाबी.

खळकाका उठून धुलाईघरात गेले. खुंटीवर हँगर रिकामा होता. आता ज्याचे त्याने धुवायचे असं ठरलंय, तर आपलाही शर्ट आपणच धुवावा, म्हणून लिफ्टमनने नियमाप्रमाणे तो काढून नेला होता. त्याच्या शर्टाला आजवर खळकाकांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता, त्यामुळे तो टबात असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

पिशवीबाईंचा चेहरा पार उतरला होता. "माझं मेलीचं डोकं," त्या म्हणत होत्या. "मी विचारलं हो, मी विचारलं होतं..." आणि मग धुलाईघराच्या दारात आलेल्या खळकाकांकडे बघून त्या गप्प झाल्या. त्यांना कळलं होतं. खळकाकांना शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या, पण बाईंनी नजर खाली वळवली ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

लिफ्टमन शर्ट वाळत घालायला दोरीकडे निघाला होता. मुकाट्याने. त्याची काहीच तक्रार नव्हती, जन्मभर वरखाली केल्यावर खाली यायचंच हे त्याच्या अंगवळणी पडलेलं.

"वाळवू नका," खळकाका ओरडले. ते दारातून धावत अंगणात आले. "वाळला की रंग बसला. ओलाच ठेवा. द्या इकडे." मग शर्ट हातात आल्यावर ते तसेच उभे राहिले. शेवटी ते खालच्या आवाजात म्हणाले, "लिफ्टमन, बाईंची चूक नाही. मला माहीत होतं रंग जाणार. मी बोललो नाही."

"का?" लिफ्टमनने विचारलं. रागाने नाही, खरंच विचारलं.

"माझ्यावाचून तुमचं अडावं म्हणून."

लिफ्टमनने शर्टाकडे पाहिलं, मग खळकाकांकडे. "अडलं की मग," तो म्हणाला. "आता काढा रंग."

खळकाकांनी पाणी उकळायला ठेवलं. धुण्याचा सोडा काढला. शर्ट भिजवायचा, पाणी गुलाबी झालं की ओतायचं, नवं घ्यायचं, पुन्हा भिजवायचं. बादल्या उचलून त्यांची पाठ बोलू लागली. या वयात एकट्याने हे होण्यातलं नव्हतं, आणि यंत्राला हात लावायचा नाही हे ठरलेलं. पिशवीबाई न विचारता आल्या आणि बादलीची दुसरी कडी त्यांनी धरली. खळकाकांच्या तोंडावर आलं होतं, की पाहुण्याने हात लावायचा नाही. पण बाईंशी बोलायला आज त्यांना तोंडच नव्हतं.

"उन्हात धरायला हवा," बाई म्हणाल्या. "ओला ठेवून. आमच्याकडे दुपट्यांचे डाग असेच जायचे." त्यांच्याकडे कधीकाळी दुपटी वाळत पडायची, हे इतक्या वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. कुणी पुढचं विचारलंही नाही.

शनिवारी दिवसभर शर्ट अंगणातल्या बाकावर पसरलेला होता. लिफ्टमन त्याच्या उशाशी बसून, वाळतोय असं दिसलं की हाताने पाणी शिंपडे. दोन वेळा पाळक येऊन बघून गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनीही ओंजळभर पाणी शिंपडलं. खळकाकांनी त्यांना बाजूला नेऊन, शुक्रवारी आपण काय केलं ते स्पष्ट सांगितलं आणि म्हणाले, "मला काढलंत तरी चालेल."

"काढून कसं चालेल?" पाळक म्हणाले. "दाराशी कोण बसणार?" आणि मग जरा थांबून, "की अंगणातच बसता? टबांजवळ?"

खळकाकांनी जाऊन दारातून स्टूल उचललं.

संध्याकाळी नीळ घातली, खळ घातली, इस्त्री झाली. शर्ट पांढरा झाला होता. फक्त डाव्या मनगटाच्या पट्टीवर, जिथे कापड दुहेरी असतं तिथे, गुलाबी राहिलं होतं ते राहिलंच. खळकाकांनी इस्त्री त्यावर पुन्हा पुन्हा फिरवली, जशी काही सुरकुती होती.

"एवढंच निघेना," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवावेत हे त्यांना या वेळी सुचलं नाही.

"बाही दुमडीन," लिफ्टमन म्हणाला.

रविवारी उपासना संपल्यावर लिफ्टमन बागेकडे गेला. खळकाका जेवायला बसलेच नाहीत. ते अंगणात येरझाऱ्या घालत राहिले, फरशी आधीच स्वच्छ होती ती त्यांनी पुन्हा झाडली. पिशवीबाई पिशव्यांसकट बाकावर बसून होत्या आणि दर थोड्या वेळाने म्हणत, "येतील हो."

ऊन उतरल्यावर लिफ्टमन आला. एकटाच. तो आला तो सरळ बाकावर जाऊन टेकला. त्याची डावी बाही दुमडलेली नव्हती.

"आली होती?" खळकाकांनी विचारलं.

"आली होती. मांडीवर बसली." लिफ्टमन मनगटाकडे बघत होता. "बाही सुटली मधेच. तिने लगेच बोट ठेवलं. म्हणाली, हे काय? लेक कावरीबावरी झाली. मी म्हटलं, आजोबांनी शर्ट स्वतः धुतला, तेव्हा चुकून लागलं."

"मग?"

"मग ती तिच्या आईला म्हणाली, आजोबा स्वतः धुतात, बाबा धूत नाहीत." लिफ्टमन हसू लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. "काका, लेक इतकी वर्षं येते. डबा देते, औषध देते, जाताना पाठीवरून हात फिरवते. पहिल्यांदा तिच्याकडे माझ्याबद्दल काहीतरी बोलायला होतं. पुढच्या महिन्यात परत आणते म्हणालीये."

खळकाका ऐकत राहिले. पाहुण्याने हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी देवाच्या नियमासारखा सांभाळला होता, आणि तो वाईट होता असं त्यांना आताही वाटलं नाही. त्या नियमानेच त्यांना उभं केलं होतं. पण लिफ्टमनला धुवून दिलेला शर्ट किती वर्षं मिळत होता, आणि स्वतः धुतला असं सांगायला तो आजच मिळाला होता. हे आपल्या टाळक्यात कधी आलं नाही याचं त्यांना नवल वाटलं.

सोमवारी सकाळी त्यांनी स्टूल टबांच्या मधोमध मांडलं, पण बसले काही नाहीत. "लाल इकडे, पांढरं तिकडे. बाई, साबण जपून, तो खायचा नाहीये. अहो, कॉलर घासायची असते, कुरवाळायची नसते." पुन्हा तोच ताठा. लोकांना बरं वाटलं. पाळक खिडकीतून बघत होते. जेवणाच्या खोलीतून रश्श्याचा वास येत होता.

लिफ्टमनने आपला साधा शर्ट घासून बाजूला ठेवला आणि खळकाकांपुढे हात केला. "काका, तुमचा एप्रन द्या."

"कशाला?"

"मळलाय. गुलाबी पाणी उडालंय त्याच्यावर. सोड्यात टाकतो."

"राहू दे. माझं मी धुतो."

"द्या हो."

"नको म्हटलं ना." खळकाकांनी एप्रनची कड हाताने मागे ओढून घेतली. धुलाईघराचं दार उघडंच होतं, आणि आतल्या भिंतीवरचा तो पाय मागे घेतलेला शिष्य त्यांना समोर दिसला. त्यांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पाठीमागे हात नेऊन त्यांनी गाठ सोडायला घेतली. घट्ट बसली होती. पिशवीबाईंनी मागून येऊन ती सोडवली.

लिफ्टमनने एप्रन टबात बुडवला, आणि मग थबकून वर पाहिलं. "यावर दोरा नाही. हरवेल कुणाच्यात तरी. कुठल्या रंगाचा घालायचा?"

एप्रन काढलेले खळकाका अंगणात सगळ्यांच्या मधे उभे होते. हाताला काही काम नव्हतं.

"हिरवा," ते म्हणाले. "माझा हिरवा होता."